माथेरानची मिनी ट्रेन नक्की कोण चालवतं? खासगी कंपनीला दिली तर सुधारेल का?

मध्य रेल्वे चालवते, मुंबई विभाग. नगरपरिषदेचा संबंध नाही. आणि खासगी कंपनीला अजिबात देऊ नये.

माझे बाबा याच लाइनीवर गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार होते. 2016 च्या मे महिन्यात गाडी रुळांवरून घसरली आणि सेवा बंद पडली. दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरानपर्यंतची शटलसुद्धा पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत नव्हती. त्या हिवाळ्यात आईला माथेरानला मावशीकडे जायचं होतं. दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी, पुढे मोटार चालत नाही. घोड्यावर ती बसेना, आणि माणसानं ओढलेल्या रिक्षात बसणार नाही म्हणाली. गुडघे धरत रुळांच्या कडेनं चालत निघाली. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. एका वळणावर थांबली, "इथली दरड काढायला हे रात्रभर पावसात होते," म्हणाली, आणि वाकून रुळांमधलं मूठभर गवत उपटलं.

बरोबर माझे थोरले दीर होते. म्हणाले, "तोट्यातली गाडी. कंपनीला द्या, नाहीतर बंद करा. आधी खासगीच होती ना?" आई गप्प राहिली, मीही मान ठेवून बोलले नाही. आज बोलते.

होती खासगी, भावजी. अब्दुल हुसेन पीरभॉयनं 1904 ते 1907 मध्ये वडिलांचे 16 लाख रुपये घालून बांधली. पण असा माणूस टेंडर काढून मिळत नाही. दोन फूट रुंदीचे रूळ, वीस फुटांत एक फूट चढ, आणि दर पावसाळ्यात डोंगर खाली येतो. 2005 च्या पावसात लाइन वाहून गेली, 2007 ला पुन्हा सुरू झाली. 2019 ला परत तेच, आणि पायथ्याच्या नेरळहून पूर्ण गाडी सुटायला ऑक्टोबर 2022 उजाडला. नफा बघणारा दुसऱ्या वेळेलाच उठून गेला असता. वर गावात राहणाऱ्यांनी मग काय करायचं? त्यांच्यासाठी ती सहलीची गाडी नाही.

स्टेशनावरचं खाणं-पिणं, साफसफाई खुशाल कंत्राटानं द्या, त्याला माझी हरकत नाही. रूळ आणि गँग मात्र रेल्वेचीच हवी.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्यात नेरळहून गाडी नसते, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल असते.