पाळकसाहेबांना धीर कोणी द्यायचा?

"आमचे पाळकसाहेब हल्ली फार थकलेले दिसतात. आम्ही त्यांच्यासाठी काय करावं?" माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतलं कोणी ना कोणी आपल्या चर्चच्या पाळकांबद्दल, म्हणजे धर्मगुरूंबद्दल, हे विचारतंच. विचारणं मायेचं असतं, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: थकले ते, म्हणजे बदलायचंही त्यांनीच. मला हे पटत नाही. मी एकट्या माणसाकडे न बघता त्याच्या भोवतीच्या नात्यांकडे बघते, आणि मंडळी, म्हणजे चर्चचे सगळे सभासद, हे मोठं कुटुंबच. घरातलं एकच माणूस सारखं थकत असेल, तर बाकीच्यांनी त्याच्यावर काय काय टाकलंय ते आधी बघावं लागतं.

मंडळीच्या कमिटीवरच्या एका ताईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि बऱ्याच भेटींतलं थोडंच इथे घेतलंय.

"आम्ही खूप करतो हो त्यांच्यासाठी," त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "वाढदिवस साजरा करतो. प्रार्थनेत नाव घेतो. उपासना सुटली की दारात 'उपदेश छान झाला' म्हणतो. तरी ते खुलत नाहीत."

"मागच्या रविवारी उपदेशात काय छान होतं?"

ताईंना आठवेना. त्या ओशाळल्या, पण तसं कारण नव्हतं; दारातलं ते वाक्य आपण सगळेच सवयीने बोलतो. मात्र ज्याने आठवडाभर त्या अर्ध्या तासाची तयारी केलेली असते, त्याला त्यातून काहीच कळत नाही. 'तुम्ही क्षमेबद्दल बोललात, म्हणून मी भावाला फोन केला' असं महिन्यातून एकदा जरी कोणी सांगितलं, तरी त्याचं काम कुठेतरी पोचल्याचं त्याला कळतं.

पुढच्या एका भेटीत दुसरी गोष्ट निघाली. लोकांच्या तक्रारी ताईंमार्फत पाळकांकडे जात. "लोक म्हणतात, तुम्ही भेटीला येत नाही," असं त्या सांगायच्या.

"कोण लोक?"

"नाव घेऊ नका म्हणतात ना ते!"

इथे मी जरा कडक झाले. निनावी तक्रारीला उत्तर देता येत नाही, समजूत काढता येत नाही, आणि मग समोर बसलेल्या प्रत्येकाचा संशय येऊ लागतो. पाळक नजर चुकवतात, असं ताईंनीच आधी सांगितलं होतं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूने ज्याचा अपराध त्याच्याशी एकांतात बोलायला सांगितलंय. पाळकही त्यातून वगळलेले नाहीत. त्यानंतर ताई तक्रार करणाऱ्याला म्हणू लागल्या, "तुम्हीच बोला त्यांच्याशी. हवं तर मी सोबत येते." निम्म्या तक्रारी तिथेच विरल्या.

पण खरी गाठ सुटली ती एका साध्या प्रश्नाने. "कामाशिवाय त्यांना शेवटचा फोन कधी केलात?" मी विचारलं.

"परवाच की," म्हणत त्यांनी पर्समधून मोबाइल काढला आणि जुने निरोप वर सरकवत गेल्या. हॉलची किल्ली. बाप्तिस्म्याची तारीख. दवाखान्यातली भेट. तरुणांची सभा. एका ठिकाणी थांबल्या: 'आईंची तब्येत कशी आहे?' आणि लगेच खाली, 'रविवारच्या सूचना पाठवा ना.'

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहणं हे या व्यवसायातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते मला जमतं, असं म्हणायला हरकत नाही.

"म्हणजे मी ख्यालीखुशाली विचारते तीही काम सांगण्यापुरती," ताई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी एकच करायचं ठरलं: एक फोन, काहीही न मागता. तो झाला असा. पाळक म्हणाले, "बोला ताई, काय काम होतं?" "काही नाही." "कोणी आजारी आहे का?" "नाही हो, सहजच केला." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते आपल्या आईबद्दल बोलू लागले आणि बोलतच राहिले. सल्ला द्यायचा नाही, एवढं पथ्य ताईंनी पाळलं.

मला त्यावेळी बायबलमधला एलीया संदेष्टा आठवला. राजांच्या पहिल्या पुस्तकातल्या १९व्या अध्यायात तो झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, त्याच्या पराक्रमांची आठवणही देत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. काम येतं ते फार नंतर, आणि कामाबरोबर अलीशा हा सोबतीही. आपण धीर द्यायला जातो तेव्हा हा क्रम उलटा करतो: "खचू नका, तुम्हीच खचलात तर आमचं काय?" हा धीर झाला की नवं ओझं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणातही (ते २०१९ मध्ये मान्य झालं) बर्नआउट, म्हणजे कामाने पार थकून जाणं, आजार म्हणून धरलेलं नाही. कामावरच्या सततच्या, न हाताळलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हणून धरलंय. मग बदल कामाच्या रचनेतच करायला हवा. पाळकांना रविवारी सुट्टी नसते. मग कोणत्या वारी असते हे किती सभासदांना ठाऊक आहे? तो वार कमिटीने जाहीर करावा आणि त्या दिवशी पहिला फोन मंडळीतल्या एखाद्या जबाबदार ज्येष्ठ सभासदाला जाईल असं बघावं. पगाराचा विषय त्यांना स्वतः काढायला लावू नये. पाळकबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी, या मंडळीला फुकट मिळालेली मदतनीस नव्हे, आणि त्यांच्या मुलांनी इतर मुलांपेक्षा जास्त शहाणं असायची गरज नाही. पाळक आपलं मन मंडळीबाहेरच्या एखाद्या स्नेह्याकडे मोकळं करत असतील, तर रुसू नये. उलट ते चांगलंच आहे.

झोप कित्येक आठवडे उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर मात्र वाट बघू नका. सरळ विचारा, एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे सोबत जा. प्रार्थना उपचारांच्या जोडीने करा, उपचारांऐवजी नको.

आणि त्यांच्या थकव्याचा विषय प्रार्थनासभेत मांडण्याआधी त्यांना विचारा. ताईंनी विचारलं, तेव्हा पाळक "नको" म्हणाले. विषय सभेत निघाला नाही. कमिटीने रजा मात्र मंजूर केली.