लग्न होईपर्यंत पुड्या घेऊ का?

सांगलीच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. वय २८, बँकेत नोकरी. डोक्यात, कोपरांवर, गुडघ्यांवर सोरायसिस, म्हणजे पोपडे धरणारे लालसर चट्टे. वैशाखात लग्न ठरलंय. त्वचेच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुचवलंय, पण ‘ते कॅन्सरचं औषध’ म्हणून आई घाबरली. आत्यानं आणलेल्या पुड्यांनी पंधरा दिवसांत अंग साफ झालं, बंद केल्यावर दुपटीनं उसळलं. मुलाकडे अजून कुणी काही बोललेलं नाही. ती विचारते, “ताई, निदान लग्न होईपर्यंत पुड्या घेऊ का?”

नको गं. इतक्या झटपट गुण आणि सोडल्यावर असा भडका, म्हणजे पुडीत स्टिरॉइड असल्याचा मला दाट संशय आहे. बिननावाच्या औषधांत ते सापडलेलं आहे. सोरायसिसमध्ये पोटात घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबलं की आजार चवताळतो. कधी अंगभर पूचे फोड येतात, ताप भरतो, दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. हळदीच्या दिवशी हे नको. उरलेली पुडी फेकू नकोस, डॉक्टरांना नेऊन दाखव. ओरडले तर ओरडू देत.

आईची भीती अर्धी खरी आहे. कॅन्सरसाठी मेथोट्रेक्सेट देतात, पण सोरायसिसला मात्रा कितीतरी कमी, आणि तीही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर वार ठरवून खूण कर. सोबत फॉलिक ॲसिड, ठरावीक काळानं रक्त आणि लिव्हरची तपासणी, दारू बंद.

तुझी खरी अडचण वेगळीच आहे आणि पत्रात तिचा उल्लेखही नाही. या औषधावर असताना दिवस जाता कामा नयेत, आणि बंद केल्यावरही काही महिने थांबावं लागतं. ॲसिट्रेटिन हे सोरायसिसचं दुसरं औषध तर तुझ्यासाठी नकोच. ते सोडल्यावर तीन वर्षं गर्भ राहू द्यायचा नसतो. मूल कधी हवं, हे डॉक्टरांना स्पष्ट सांग. लवकर हवं असेल तर नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे प्रकाशाचे उपचार, जरूर विचार. गरोदरपणातही ते सहसा चालतात. आठवड्याला दोन-तीन खेपा, तेही काही महिने. बँकेतून सुटका मिळेल का, ते तूच बघ. बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे प्रतिकारशक्तीचा नेमका भाग आवरणारी औषधं, गुणकारी आहेत, पण महाग, आणि आधी टीबीची तपासणी लागते.

डोक्यातले पोपडे फणीनं खरवडतेस ना? ते बंद कर. त्वचेला इजा झाली की तिथेच नवा चट्टा उठतो. रात्री तेल लावून ते मऊ होऊ दे, सकाळी कोल टार शॅम्पू. आणि झोपेतून उठल्यावर बोटं आखडत असतील तर तेही सांग. हा आजार सांधेही धरतो.

आता मुलगा. त्याला तूच सांग, मध्यस्थामार्फत नाही. हे लागट नाही, समूळ जाण्याची हमी नाही, आटोक्यात मात्र राहतं. पुढे होणाऱ्या मुलाबाळांना हा आजार होण्याची शक्यता थोडी वाढते, पण होतंच असं नाही. ऐकून तो मागे हटला तर चार दिवस रडशील, पण बस्ता बांधायच्या आधी कळलेलं बरं. नाही हटला तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्याला बरोबर घेऊन जा. आईलाही. आत्याला घरीच ठेव.