कॅन्सर वॉर्डात स्टाफ नर्स आहे. पेशंट गेला तरी हल्ली काही वाटत नाही, उलट नातेवाइकांचा राग येतो. मी निष्ठुर झाले आहे का?

पेशंट गेल्यावर रडू न येणं हे मी तरी लक्षण मानत नाही. माझीही नोकरी कॅन्सर वॉर्डातच गेली. प्रत्येक डेथला रडत बसले असते तर शेजारच्या कॉटची सलाईन कुणी बदलली असती? तुमच्या प्रश्नात मला खटकला तो राग.

"सिस्टर, अजून किती वेळ?" असं तिसऱ्यांदा विचारणाऱ्या मुलावर खेकसावंसं वाटणं, एका ठरावीक कॉटकडे जायचं टाळणं, पेशंटचं नाव गळून नुसतं 'सात नंबर' उरणं, ही खरी लक्षणं. आणि घरी बघा. पोरगं तापाने फणफणलंय आणि आपण म्हणतो, "एवढ्याने काय होतंय, गोळी घे आणि झोप." दिवसभर मॉर्फिनवरचे पेशंट बघून आलेल्या बाईला घरचं दुखणं दुखणंच वाटत नाही. नवरे आणि सासवा याला सिस्टरचा तोरा समजतात.

याला कम्पॅशन फटीग म्हणतात. हा शब्द १९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी एका नर्सिंग मासिकात वापरला, तोही नर्सेसबद्दलच. बर्नआऊट थोडा वेगळा. तो कामाच्या ओझ्याने, अपुऱ्या स्टाफने हळूहळू येतो आणि कुठल्याही नोकरीत येऊ शकतो. हा थकवा मात्र दुसऱ्याचं दुखणं सतत अंगावर घेतल्याने येतो. आपल्याकडे बहुधा दोन्ही हातात हात घालूनच येतात. स्वतःला तपासायचं असेल तर 'प्रोक्वॉल' नावाची ३० प्रश्नांची मोफत प्रश्नावली आहे. मागच्या ३० दिवसांचा विचार करून उत्तरं द्यायची. त्यात कामातून मिळणारं समाधानही मोजलं जातं, हे मला आवडतं. निदान म्हणून मात्र तिच्याकडे बघू नका.

आता उपाय. 'सुट्टी घ्या, फिरून या' हे सगळेच सांगतील. घ्या जरूर, पण परत येऊन त्याच कॉटसमोर त्याच पद्धतीने उभ्या राहिलात तर आठवडाभरात पुन्हा तेच. मला उपयोग झाला तो उभं राहण्याची पद्धत बदलल्याचा. 'ही माझी आई असती तर' असा विचार करणं मी सोडलं. ऐकायला वाईट वाटेल. त्याऐवजी 'पुढच्या दहा मिनिटांत मी हिच्यासाठी काय करू शकते' एवढंच बघते. ओठ कोरडे पडलेत, ओल्या गॉजने पुसते. टाच लाल झालीय, पोटरीखाली उशी देऊन ती अधांतरी ठेवते. दुखतंय, तर पुढचा डोस कधीचा ते फाईलमध्ये बघून डॉक्टरांना फोन करते. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या मेंदू-संशोधकांच्या प्रयोगांतही असंच दिसलं: समोरच्याचं दुःख नुसतं आपल्यात भिनवून घेतलं की माणूस कोमेजतो, त्याच्या भल्याची इच्छा मनात धरली की तग धरतो.

दुसरी गोष्ट डेथनंतरची. ईसीजीची सरळ पट्टी फाईलला लागते, वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर आणायला जातात आणि तासाभरात त्याच कॉटवर नवीन ॲडमिशन. मन कुठे थांबणार? अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टेल्स या नर्सने एक साधी पद्धत सुरू केली: पेशंट गेला की हजर असलेल्या सगळ्यांनी मिनिटभर शांत उभं राहायचं. आम्ही त्यात पेशंटचं नाव घेतो, आणि वॉर्डातल्या आया मावशींनाही बोलावतो. अंग पुसण्यापासून सगळं त्यांनीच केलेलं असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही.

बाकी छोट्या गोष्टी. नातेवाइकांना स्वतःचा नंबर देऊ नका. हॅंडओव्हर दिल्यावर घरून फोन करून 'सात नंबर कसे आहेत' विचारू नका. नाईटनंतर आधी झोप, स्वयंपाक मग. सासूबाई काय म्हणायचं ते म्हणोत.

पण सगळं तुमच्याच डोक्यावर घेऊ नका. डबल ड्यूटी लावायची आणि वर योगशिबिराचं पोस्टर चिकटवायचं, याची मला चीड आहे. इनचार्ज सिस्टरकडे काही आठवडे ओपीडी किंवा डे-केअरची ड्यूटी मागा. तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. 'जमत नाही' असं लिहू नका, 'रोटेशन हवं आहे' असं लिहा.

वॉर्डातली दृश्यं स्वप्नात येत असतील, झोपेसाठी ट्रॉलीतल्या गोळ्यांकडे हात जात असेल (आपल्या हाताशी त्या असतात, म्हणून स्पष्ट लिहिते), किंवा जगणं नको वाटत असेल, तर रोटेशनची वाट बघू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लगेच शक्य नसेल तर टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा आहे, मोफत, २४ तास, मराठीतही बोलता येतं. नाईटच्या ब्रेकमध्येही लावता येईल.