किडनी बदलली, आता कागदं कोणती?

आरोग्याच्या सवलतींवर दर महिन्याला पत्रं येतात. या वेळच्या पाचही पत्रांत प्रश्न फिरून एकच आहे: अवयव बदलून घेतल्यावर हातातलं कार्ड, पास, अनुदान राहतं की जातं? उत्तरांआधी एक गोष्ट सांगून टाकतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उपचाराचं कार्ड हे आपल्याकडे दोन वेगळे रस्ते आहेत. एक बंद झाला म्हणून दुसरा बंद होत नाही, आणि एक मिळाला म्हणून दुसरा आपोआप मिळतही नाही.

आमच्या मालकांची किडनी दोन वर्षांखाली बदलली, सासूबाईंनी दिली. सिव्हिलला दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढायला गेलो तर 'यात बसत नाही' म्हणून परत पाठवलं. गावातला एक जण म्हणतो, पंधरा हजार द्या, काढून देतो. द्यावेत का?
— एक वाचक भगिनी, ता. जिंतूर, जि. परभणी

देऊ नका. सिव्हिलनं सांगितलं ते बरोबर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेले आहेत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार त्यात आहेत. किडनी निकामी होणं, डायलिसिस, बदललेली किडनी यांतलं काहीच त्यात नाही. आम्हाला हे अन्यायाचं वाटतं, पण कायदा आज असा आहे. पंधरा हजारांत जे मिळेल ते दुसऱ्याच कुठल्या तरी व्यंगाच्या नावावरचं असेल. दिव्यांगांच्या सवलती लबाडीनं घेतल्या तर याच कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एजंट तेव्हा गावात नसतो. कार्ड ज्याच्या नावाचं, तो सापडतो.

मात्र किडनीसोबत आलेलं दुसरं काही असेल, तर ते तपासून घ्या. बदललेल्या किडनीसाठी स्टिरॉइड चालू असतं. त्यानं काही जणांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून खचतं. जांघेत दुखणं, मांडी घालून बसता न येणं, लंगडणं ही त्याची खूण. मधुमेहामुळे किडनी गेली असेल तर नजर अधू झालेली असू शकते, पायाची बोटं काढलेली असू शकतात. अशा वेळी अर्ज खुब्यासाठी, पायासाठी किंवा डोळ्यांसाठी करायचा. दिव्यांग प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज जिथं भरतात त्या स्वावलंबन पोर्टलवर तोच प्रकार निवडायचा आणि तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर अस्थिरोग किंवा नेत्रतज्ज्ञाचे कागद ठेवायचे. किडनीची जाडजूड फाईल पुढे केली की डॉक्टर पहिलं पान बघूनच 'बसत नाही' म्हणतात. बहुतेक सवलती ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच लागू होतात.

दुसरा मार्ग संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. तिच्यात दिव्यांगांखेरीज क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग यांसारख्या दुर्धर आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणारेही येतात. वय ६५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांपर्यंत आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, या अटी आहेत. अर्ज तहसीलला. तिथं अडतं ते दोन ठिकाणी. उत्पन्नाचा दाखला २१ हजारांच्या वर निघतो, किंवा डॉक्टरांच्या कागदावर नुसतं 'किडनी प्रत्यारोपण झाले आहे' एवढंच असतं. अर्ज मंजूर करणाऱ्या समितीला ऑपरेशनशी देणंघेणं नसतं. माणूस कमवू शकतो का, हे तिला बघायचं असतं. म्हणून सध्या कोणतं काम जमत नाही आणि का, हे शासकीय डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. मालक पुन्हा नेमानं कामाला जात असतील तर मात्र हा अर्ज टिकणार नाही.

महात्मा फुले योजनेत भावाचं ऑपरेशन झालं. आता गोळ्यांना महिन्याला दहा-बारा हजार लागतात. दवाखान्यात म्हणाले, योजना संपली. कार्ड रद्द झालं का? गोळ्या निम्म्या केल्या तर चालेल का?
— एक वाचक, ता. गेवराई, जि. बीड

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, एक दिवससुद्धा नाही. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट या गोळ्या शरीराला परकी किडनी ओळखू देत नाहीत. डोस कमी पडला की शरीर तिच्यावर चालून जातं, आणि सुरुवातीला काही कळतच नाही. दुखत नाही, लघवी नेहमीसारखी होते, फक्त रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कमी झालं की साठणारा टाकाऊ घटक, हळूहळू वर सरकतं. पाय सुजेपर्यंत थांबलं तर गेलेलं काम बहुतेक परत येत नाही.

कार्ड रद्द झालेलं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केली आहे. नवं पॉलिसी वर्ष सुरू झालं की रक्कम पुन्हा भरते. भावाला उद्या जंतुसंसर्ग झाला आणि दाखल व्हावं लागलं, तर योजनेच्या यादीत बसणाऱ्या उपचाराला हेच कार्ड चालेल. दवाखान्यानं 'संपली' म्हटलं ते घरी न्यायच्या गोळ्यांबद्दल. योजना मुळात दाखल रुग्णासाठी आहे. सुट्टीनंतरची औषधं तिच्यात ठरावीक मुदतीपुरतीच असतात. भोक आहे ते इथं.

ते बुजवायला कुठं जायचं? कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर केंद्राच्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात प्रत्यारोपणानंतरच्या औषधांसाठी महिन्याला १० हजारांपर्यंत मदतीची तरतूद आहे. तो अर्ज शासकीय रुग्णालयाच्या मार्फत जातो. ऑपरेशन खासगीत झालं असेल तर पुढची तपासणी शासकीय रुग्णालयाच्या किडनी विभागाकडे वळवून घ्यावी आणि तिथल्या प्रत्यारोपण समन्वयकाला गाठावं. या तरतुदीचा बोर्ड कुठं लागलेला नसतो, नाव घेऊन विचारावं लागतं. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभागही ग्रामीण भागातल्या हृदय, किडनी, कर्करोगाच्या रुग्णांना स्वनिधीतून एकदाच काही हजार देतो. त्याला जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं.

मुख्यमंत्री सहायता निधी गोळ्यांसाठी नाही. उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असलेल्यांना तो ऑपरेशनच्या वेळी मिळतो. डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि प्रत्यारोपण समितीकडच्या नोंदणीची पावती लागते. अर्ज रुग्ण दाखल असतानाच गेला पाहिजे, घरी आल्यावर मागचं बिल मिळत नाही. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुन्हा दाखल व्हायची वेळ आली आणि तो उपचार योजनेच्या यादीत नसला, तर धर्मादाय रुग्णालय विचारा. तिथं १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत (वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात (३ लाख ६० हजारांपर्यंत) राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. आणि रेशनकार्डावर भावाचं नाव आधारवर आहे तसंच आहे का, ते आजच बघा. रात्री दोन वाजता दवाखान्यातल्या आरोग्यमित्रासमोर, म्हणजे योजनेचे कागद बघणाऱ्या माणसासमोर, उभं राहिल्यावर नेमकं तिथंच घोडं अडतं. मग लोक आधी पैसे भरतात, आणि मंजुरीआधी भरलेले पैसे सुटता सुटत नाहीत. योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

स्वस्त जेनेरिक गोळी घ्यायला हरकत नाही, पण डॉक्टरांना विचारून, आणि मग तीच कंपनी धरून ठेवा. टॅक्रोलिमसची कंपनी बदलली की रक्तातली पातळीही बदलू शकते, म्हणून लेव्हल पुन्हा तपासावी लागते. ही लेव्हल सकाळच्या गोळीच्या आधी, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायची असते. पहाटेच्या एसटीनं निघायचं, स्टँडवर चहासोबत गोळी घ्यायची आणि दहा वाजता रक्त द्यायचं, असं पुष्कळ जण करतात. मग आकडा खोटाच वर येतो, डॉक्टर डोस कमी करतात आणि धोका होतो. त्या दिवशी गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्या.

वाळूजला कंपनीत ऑपरेटर आहे. ईएसआयमधून (कामगार राज्य विमा योजना) प्रत्यारोपण झालं, गोळ्याही तिथूनच मिळतात. आता पगार वाढून २२,५०० होतोय. मर्यादा २१ हजारांची. वाढ नाकारू का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नाकारू नका, तारीख बघा. पगारवाढीच्या तारखेवरून सहा महिन्यांचा फरक पडतो.

ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत असतं. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये. एखाद्या तुकड्याच्या मध्येच पगार २१ हजारांच्या वर गेला, तर तो तुकडा संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, तीही वाढीव पगारावर. आता हिशेब करा. वाढ १ ऑक्टोबरपासून लागू झाली तर शेवटची वर्गणी सप्टेंबरची, आणि उपचार पुढच्या ३० जूनला संपतात. तीच वाढ १ नोव्हेंबरपासून धरली तर वर्गणी मार्चपर्यंत जाते आणि उपचार ३१ डिसेंबरपर्यंत मिळतात. एचआरला हे समजावून सांगितलं तर एका महिन्याची फरकाची रक्कम सोडणं फायद्याचं पडेल. मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. तुमच्या २२,५०० मध्ये ओव्हरटाइम असेल तर कदाचित तुम्ही बाहेर पडतच नाही. पगारपत्रक घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा.

आजारपणात लांब सुट्टी पडली होती का, हेही तपासा. आजारपणाच्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या तुकड्यात ७८ दिवसांची वर्गणी लागते. बिनपगारी रजेत वर्गणी जात नाही, आणि त्याचा फटका पुढच्या लाभाच्या काळात बसतो. जुनाट किडनी निकामी होणं हे ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. त्यामुळे साध्या आजारपण भत्त्याच्या ९१ दिवसांनंतर वाढीव आजारपण लाभ मिळू शकतो, पगाराच्या ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि त्या काळात १५६ दिवसांची वर्गणी पाहिजे. तो चालू असेपर्यंत उपचारही चालू राहतात. कितीतरी कामगार हा लाभ न मागताच राजीनामा देऊन मोकळे होतात.

ईएसआय सुटण्याआधी दुसरं छत्र धरा. कंपनीची गट-विमा योजना असेल तर ती सर्वांत बरी, कारण त्यात जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. स्वतःची पॉलिसी मागितली तर प्रत्यारोपणाच्या रुग्णाला बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात. एखादीनं दिलीच तर जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवता येतं. म्हणूनच ईएसआय चालू असतानाच अर्ज करा, म्हणजे थांबायची मुदत तिच्या आडोशाला सरत राहील. अर्जात प्रत्यारोपण लपवू नका. पहिल्या पाच वर्षांत लपवलेलं बाहेर आलं तर दावा फेटाळता येतो.

वडिलांना दोन्ही डोळ्यांनी कमी दिसायचं, ४० टक्क्यांचं तात्पुरतं कार्ड आहे. उजव्या डोळ्यात नेत्रदानाचं बुबुळ बसवलं. आता ६/१८ दिसतं, डावा तसाच आहे. नूतनीकरणात टक्के जातील का?
— एक वाचक, उदगीर, जि. लातूर

बहुतेक जातील. टक्के चश्म्यासह दोन्ही डोळ्यांची नजर मोजून ठरतात आणि वजन चांगल्या डोळ्याला असतं. ६/१८ सारख्या आकड्यात खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी. दोन्ही डोळे ६/२४ ते ६/६० मध्ये असतील तर ४० टक्के. चांगला डोळा ६/१८ किंवा त्याहून बरा झाला, की दुसरा पूर्ण अंधारा असला तरी ३० टक्क्यांवर जात नाही. पण आत्ताच घाई करू नका. बुबुळाचे टाके असेपर्यंत चश्म्याचा नंबर बदलत राहतो, नजर स्थिर व्हायला वर्षही लागतं. नेत्रतज्ज्ञांनी 'नजर स्थिर' असं लिहून दिल्यावर, कार्डाच्या मुदतीच्या आत, फेरतपासणीला जा. मुदत संपलेलं कार्ड एसटीत दाखवू नका.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा धूसर झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शरीर बुबुळही नाकारतं, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत थेंब सुरू झाले तर ते बहुधा वाचतं.

नांदेडहून मुंबईला किडनीच्या तपासणीला जातो. रेल्वेत सवलत आहे का?
— एक वाचक, नांदेड

किडनीच्या रुग्णांची सवलत प्रत्यारोपणाच्या ऑपरेशनसाठी आणि डायलिसिससाठी आहे. रुग्ण आणि सोबतचा एक जण, दोघांना स्लीपर व थ्री-टियर एसीत ७५ टक्के, टू-टियरमध्ये ५० टक्के. रुग्णालयानं ठरावीक नमुन्यात भरून शिक्का मारलेला फॉर्म घेऊन तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. नुसत्या फेरतपासणीसाठी हा फॉर्म देत नाहीत. डायलिसिसच्या रुग्णांचा एसटीचा मोफत प्रवासही डायलिसिस थांबलं की संपतो. तीन महिन्यांनी जायचं असेल तर आधीच्या तपासण्या नांदेडलाच करून अहवाल मुंबईच्या डॉक्टरांना पाठवता येतील का, ते विचारून बघा. निम्म्या फेऱ्या वाचतील.