पहिल्यांदा काचा लावताना

अरे, दोन काचांमधल्या जाड द्रवात हवा ढकलून तिला बोटांसारखे फाटे फुटताना बघायचे, तर मोठ्या काचांच्या मागे आत्ताच लागू नकोस. वीतभर रुंदीचे ॲक्रिलिकचे दोन तुकडे घे, कोपऱ्यांत जुन्या एटीएम कार्डाच्या फोडी ठेव. पाऊण मिलिमीटरची फट आपोआप मिळते. वरच्या तुकड्याला मधोमध भोक, फटीत ग्लिसरीन आणि सिरिंजने हवा. हवेची कडा गोल राहतच नाही. जिथे टोक जरा पुढे जातं तिथे समोरचा जाड द्रव कमी उरतो, वाट सोपी होते, टोक आणखी धावतं आणि मग फाटतं. सॅफमन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये हे गणितात मांडलं. उलटंही करून बघ: हवेत ग्लिसरीन ढकललंस तर कडा गुळगुळीत राहते. हे करायचं बरेच जण विसरतात.

हळू दाबलंस तर बोटं रुंद, झटक्यात दाबलंस तर बारीक नि पुष्कळ.

आता आपल्याकडची गोम. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून पातळ होतं. रत्नागिरीच्या ऐन आषाढात मी ते रात्रभर उघड्या ताटलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशीचा एकही फोटो आदल्या दिवसाशी जुळेना. शिव्या मात्र सिरिंजने खाल्ल्या. बाटलीचं झाकण घट्ट लाव, तापमान लिहून ठेव. काकवीही चालते, फक्त मुंग्या सांभाळ.