पाण्यात पळणाऱ्या हरणाची शिकार कशी करतात?

तुम्ही विचारलंय की आफ्रिकेत दलदलीत राहणाऱ्या हरणाची शिकार कशी करतात आणि ती कायदेशीर असते का. मी स्वतः बंदूक चालवलेली नाही हे आधीच सांगतो. कामानिमित्त चार वर्षं झांबियात, लुसाकाला होतो, तिथल्या एका मित्राने रीतसर लायसन काढलं होतं, त्याच्यासोबत बांगवेउलूच्या दलदलीत गेलो, कॅमेरा आणि पाण्याच्या बाटल्या उचलायला म्हणा.

तिथे काळा लेचवे असतो, जगात फक्त तिथेच. नाव काळा पण माद्या-पिल्लं तांबूसच, वय झालेला नर तेवढा काळपट. शिंगं नरालाच. आपला बारशिंगाही दलदलीतला, पण त्याची शिंगं दरवर्षी गळतात, याची नाही, हा काळविटाच्या खानदानातला.

कोरड्या जमिनीवर लेचवे अगदीच बेंगरूळ पळतो, मागचा भाग वर, मान खाली. पण घोटा-गुडघाभर पाणी आलं की त्याच्यासारखा कोणी नाही. खूर लांबट आणि पसरट, त्यामुळे चिखलात रुतत नाही, नुसता उड्या मारत जातो आणि आपण प्रत्येक पावलाला बूट उपसत बसतो. घाबरला की म्हणूनच पाण्याकडे पळतो.

अवघड काय तर लपायला काही नाही. मैदान ताटासारखं सपाट, कुठेतरी वाळवीचं एखादं वारूळ नाहीतर लव्हाळ्याचा पुंजका, आणि समोर शेकडो डोळे. वारा तोंडावर घेत वाकून, शेवटी गुडघ्यांवर रांगत जायचं. पहिल्या दिवशी दोनशे मीटरपर्यंत पोचलो, तिवईवर रायफल टेकवली, नर आडवा उभा होता, पण सोबतच्या सरकारी स्काउटने हात वर करून थांबवलं कारण बरोब्बर मागे मादी. गोळी आरपार जाते ना. वीसेक मिनिटं तसेच चिखलात, मग कळपच उठून गेला. दुसऱ्या दिवशी जमलं, तरी गोळी लागल्यावर तो पाण्यात बराच पळाला आणि मग पडला. शंभर किलोचं जनावर चौघांनी ओढत आणलं. मांस गावात वाटलं गेलं, संध्याकाळी आम्हालाही न्शिमाबरोबर मिळालं. न्शिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड.

कायद्याचं म्हणाल तर लायसन, कोटा, स्काउट हे सगळं लागतं, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे ऐकूनच विचित्र वाटतं. मलाही वाटलं, अजूनही थोडं वाटतं. पण लेचवे कमी झाले ते अशा मोजक्या शिकारीने नाही, चोरट्या शिकारीने झाले. दक्षिणेला काफुए नदीच्या मैदानात लेचवेची दुसरी जात आहे, तिथे 1970 च्या दशकात मैदानाच्या वर आणि खाली अशी दोन धरणं झाली आणि पुराचं वेळापत्रकच बिघडलं. तिथले इला आणि टोंगा लोक पूर्वी चिला नावाची सामूहिक शिकार करायचे, कुत्रे आणि भाले घेऊन कळप पाण्यात घालायचा, तीही इंग्रजांच्या काळातच बंद झाली.

जाणार असाल तर, नुसतं बघायला का होईना, पाणी ओसरायला लागल्यावर जा आणि चामड्याचे बूट नेऊ नका, कॅनव्हासचे न्या. माझे चार दिवस वाळले नाहीत.