जॉन सेल्सच्या वाटेने अमेरिकेत यायचं, तर आधी व्हिसाचं गणित

तुम्ही पुण्यात जाहिरातींचं एडिटिंग करता. अमेरिकेत फिल्म स्कूल करून जॉन सेल्ससारखं स्वतंत्र दिग्दर्शक व्हायचंय, जमेल का, असं विचारलंत. मी न्यू जर्सीत एडिटिंगवरच पोट भरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सेल्सचं करिअर आधी पैशाच्या बाजूने बघा. स्वस्तातले सिनेमे काढणारा निर्माता रॉजर कॉर्मन याच्यासाठी त्याने 'पिरान्हा'सारख्या स्वस्त भयपटांच्या पटकथा लिहिल्या आणि त्या कमाईतून सुमारे ६० हजार डॉलरमध्ये 'रिटर्न ऑफ द सेकॉकस सेव्हन' केला. (नावात आमच्या न्यू जर्सीतलं सेकॉकस गाव आहे, पण गोष्ट घडते न्यू हॅम्पशायरमध्ये!) ओळखीचे चांगले नट तिशीच्या आसपासचे, युनियनबाहेरचे, मग गोष्टही तिशीतल्या मित्रमंडळींचीच लिहिली. पुढे 'मेटवान' या सिनेमासाठी जमवलेले पैसे फिसकटले, तेव्हा १९८३ च्या मॅकआर्थर फेलोशिपचा (गुणी लोकांना बिनअटीची रक्कम देणारी शिष्यवृत्ती) आधार घेऊन आधी 'द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट' केला. 'मेटवान' यायला १९८७ उजाडलं. ऑस्कर नामांकनं मिळाली तरी दुसऱ्यांच्या पटकथा लिहिणं-दुरुस्त करणं त्याने सोडलं नाही, कारण त्याच्या सिनेमांचा भांडवलदार मुख्यतः तोच पटकथालेखक होता.

तुमची गाडी नेमकी इथे अडेल. मिळेल ते काम घ्यायचं आणि साठलेलं स्वतःच्या सिनेमात घालायचं, ही मोकळीक नागरिकाला असते. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर कुणाचं लग्नाचं एडिटिंगही पैसे घेऊन करता येत नाही. डिग्रीनंतर ओपीटीचे, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, तेही आपल्याच विषयातल्या कामासाठी, आणि त्यात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहून चालत नाही. आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषयांना. फिल्मच्या बहुतेक डिग्र्या त्यात बसत नाहीत, म्हणून फी भरण्याआधी कॉलेजला कोर्सचा सीआयपी कोड विचाराच; कोर्स स्टेममध्ये बसतो का, ते या विषय-क्रमांकावरून ठरतं. एच-१बी, म्हणजे कंपनीने काढून दिलेला नोकरीचा व्हिसा, मिळालाच तर ज्या कंपनीने काढला तिचंच काम.

आपल्या धंद्याला खरा सोयीचा ओ-१बी, म्हणजे कला-सिनेमातल्या असामान्य कामगिरीवर मिळणारा व्हिसा. त्यासाठी स्वतःचा अर्ज स्वतः करता येत नाही. अमेरिकेतली कंपनी किंवा एजंट लागतो. शक्यतो एजंटकडूनच करा, म्हणजे वेगवेगळ्या निर्मात्यांची कामं एकाच अर्जात दाखवता येतात. पण पुरस्कार, परीक्षणं, नावाजलेल्या प्रॉडक्शनमधलं महत्त्वाचं काम असं बरंच बाड जोडावं लागतं, आणि ते ओपीटीच्या १२ महिन्यांत उभं राहणं कठीण.

म्हणून माझं स्पष्ट मत: कर्ज काढून फिल्म स्कूलला येऊ नका. पहिला सिनेमा तिकडेच करा. २०२५ मध्ये सनडान्स या अमेरिकेतल्या चित्रपट महोत्सवात वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'ला मिळालं. मराठी सिनेमा, चित्रीकरणही महाराष्ट्रातलं. असं काहीतरी हातात असेल तर ओ-१बीची फाइल आपोआप जाड होते.

पूर्ण शिष्यवृत्ती मिळत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. कॉलेजांची नावं कळवा, मग खर्चाचं बोलू.